भाडोत्री मारेकरी आणि रिकामं गाव

लंडन, ३ मार्च १९६१

प्रिय हेस्टर आत्या,

तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी करतो, आधी बातमी ऐक. मला सिनेमा मिळाला! नऊ वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात खुर्च्या हलवल्या, नटांना चहा नेऊन दिला, पावसात छत्र्या धरल्या. आता मी सांगणार आणि दुसरे ऐकणार. मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवतात तसला तासाभराचा छोटा सिनेमा आहे, पण माझा आहे. लिहिलाही मीच. नाव 'मंगळवारचा पाहुणा'.

क्रेन नावाचा एक भाडोत्री मारेकरी. थंड डोक्याचा, मोजकं बोलणारा. लंडनची एक टोळी त्याला उत्तरेतल्या गिरणीगावात धाडते. तिथल्या गिरणीतला ह्युइट नावाचा कारकून टोळीविरुद्ध साक्ष देणार असतो. क्रेन मंगळवारी गाडीतून उतरतो, दोन दिवस ह्युइटच्या घरावर पाळत ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी गिरणी सुटताना फाटकापासून त्याच्या मागोमाग जाऊन घरात त्याला गाठतो. अंगावर काटा येईल असं करायचं आहे.

सगळं बारा दिवसांत उरकायचंय. त्यातले पाच दिवस रस्त्यावरचे. लंडनमध्ये रस्ता अडवायचा तर परवाने, पोलीस, बघे. मग मला आपलं ब्रॅकनशॉ आठवलं. वेक्सचा आठवडा लागला की गिरण्या बंद आणि अख्खं गाव सुट्टीला ब्लॅकपूलच्या समुद्रावर. रस्ते मोकळे, तेही फुकट! यंदा वेक्स कधी लागतोय ते कळव.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. म्युरिएलला मी शब्द दिलाय. नाताळपर्यंत हा सिनेमा कुणी वितरणाला घेतला नाही, तर नव्या वर्षापासून मी सासऱ्यांच्या दुकानात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम विकायला उभा राहीन. पुन्हा सिनेमाचं नाव काढणार नाही. तेव्हा आत्या, हा एकच डाव आहे.

पटकथा सोबत पाठवतोय. दिवसा गिरणी करून संध्याकाळी टिव्होली थिएटरच्या तिकीटखिडकीत बसून तू जितके सिनेमे पाहिलेस तितके लंडनच्या टीकाकारांनीही पाहिले नसतील. मत कळव. पण जरा सांभाळून कळव.

तुझा,
क्लिफर्ड


ब्रॅकनशॉ, ११ मार्च

क्लिफ पोरा,

गुडघा आहे तिथेच आहे. शेवटी चौकशी करणार होतास, ती राहिलीच.

सांभाळून कळव म्हणतोस. मी काय पाद्री आहे? पटकथा दोनदा वाचली. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून तुझ्यावर चार दिवस जास्त खर्च झाले. आता ऐक.

हा तुझा क्रेन तीन दिवस गावात राहतो. झोपतो कुठे? त्याचे सदरे कोण धुतं? पान चाळिसापर्यंत त्याने एक कप चहासुद्धा घेतलेला नाही. माणूस मारायचा तर अंगात काही त्राण नको? सिगारेट मात्र एकोणीस वेळा पेटवतो. मी मोजल्या. हा ह्युइटला मारायच्या आधी याचा खोकलाच याला मारील. आणि ती खानावळीतली पोरगी याला बघताक्षणी का भाळते? ना बोलणं, ना हसणं, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर बद्धकोष्ठ. इथल्या पोरी असल्याला खिडकीशेजारची जागासुद्धा देणार नाहीत.

आणि ते बोलणं! 'मरण कुणासाठी थांबत नाही, मित्रा.' असं कोण बोलतं रे? आपल्याकडे खाटीकसुद्धा बोलत नाही, आणि तो रोज मारतो.

छोट्या सिनेमाच्या वेळी लोक काय करतात ते तीस वर्षं बघतेय. ओले कोट काढतात, टॉफीचे कागद सोडतात, कुणाच्या सुनेला दिवस गेले ते सांगतात. त्यांना गप्प करायचं तर मारेकरी नुसता थंड असून भागत नाही. थंड तर मासळीही असते.

वेक्स आठ जुलैला, शनिवारपासून. तू इथलाच पोर, वेक्स म्हणजे काय ते तुला मी कशाला सांगू? मी यंदा ब्लॅकपूलला जात नाही. तुमच्या टोळक्याला कुणीतरी जेवायला घातलं पाहिजे, सगळी दुकानं बंद असणार. समुद्र काही पळून जात नाही.

हेस्टर


लंडन, १९ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीन महिने खिशात घेऊन फिरलो. सिगारेटी सातावर आणल्या. ते मरणाचं वाक्य मात्र ठेवलंय. ते चांगलं आहे. तुला तशा वाक्यांची सवय नाही, इतकंच.

मारेकरी मिळाला. ॲम्ब्रोज टल. वय अठ्ठावन्न. हिंडून फिरून मरायची आणि दार उघडायची कामं करत आलेला नट, पण चेहरा असा की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. मोठी भूमिका त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतेय. मी सांगितलं तेव्हा तो नुसता टोपी फिरवत राहिला. कपडे ज्याने त्याने घरचे आणायचे असा आमच्याकडचा रिवाज आहे. त्याच्याकडे एकच चांगला ओव्हरकोट आहे, तेव्हा क्रेन ओव्हरकोटातच.

रस्त्यावरचं सगळं मुक्यानेच टिपणार. आवाजाची गाडी परवडत नाही. बोलणं नंतर लंडनला बसून भरू, म्हणजे तिथे नटांनी ओठ हलवले की झालं.

आम्ही सात जण. ॲम्ब्रोज तुझ्याकडे राहील, बाकीचे शाळेच्या दालनात. त्याला कांद्याचा त्रास होतो असं तो म्हणाला, पण हे तुला सांगू नकोस असंही म्हणाला.

तुझा,
क्लिफर्ड


ब्रॅकनशॉ, १९ जुलै

क्लिफ,

तुम्ही गेलात आणि गाव परत आलं. दोन्हीतलं बरं कुठलं ते विचारू नकोस.

तुझा मारेकरी! काय माणूस आहे रे! जुलैच्या उन्हात ओव्हरकोट घालून घामाने निथळतोय, आणि ताट उचलून धुवायला मोरीशी उभा. म्हटलं, "टलसाहेब, बसा हो, तुम्ही मारेकरी आहात." तर म्हणतो, "हेस्टरबाई, मारायचं दोन वाजता आहे." बटाटा भरून भाजलेल्या पायमध्ये मी कांदा घातला, सवयीने. गुपचूप खाल्ला बिचाऱ्याने.

आणि तो पिस्तूल घेऊन ह्युइटच्या घरात शिरायचा प्रसंग. मी कुंपणाशी उभी होते. दार ढकललं, पिस्तूल काढलं, सगळे श्वास रोखून, आणि गड्याने आत पाऊल टाकण्यापूर्वी पायपुसण्यावर बूट पुसले. डावा, मग उजवा. तू ओरडलास, "ॲम्ब्रोज! खून करायला चाललायस!" तो म्हणाला, "हो, पण घर दुसऱ्याचं आहे." तुझा तो कॅमेरावाला म्हणाला, फिल्म मोजकीच उरली आहे, पुन्हा घेता येणार नाही. तू डोकं धरून पायरीवर बसलास. मला वाटतं, तुझ्या सिनेमात तेवढंच खरं झालं असेल.

बरं, आता मुद्द्याचं. ह्युइटचं घर म्हणून तू ज्या ग्रिमशॉबाईचं दार वापरलंस ती शनिवारी ब्लॅकपूलहून आली, नाक सोलून लाल. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आणि तो कारकून कुठे असतो?" म्हटलं, घरात. ती म्हणाली, "वेक्समध्ये? घरात? आजारी आहे का?"

पोरा, मला वाटलं होतं, इथे वेक्समध्ये शूटिंग करतोयस म्हणजे गोष्टही तशीच फिरवली असशील. म्हणून मी तोंड उघडलं नाही. पण तू तर गिरणीच्या फाटकातून सहा माणसं बाहेर काढलीस आणि म्हणालास, गिरणी सुटली! आठशे माणसांची गिरणी! धुराड्यातून धूर नाही. घरोघरी पडदे ओढलेले. बेकरीच्या काचेवर 'सतरा तारखेपर्यंत बंद' ही चिठ्ठी, आणि तुझा क्रेन तिच्यासमोर उभा राहून कामाच्या दिवसाची गर्दी न्याहाळतोय. कुठली गर्दी? एक मांजर होतं.

माझं ऐक. खरी गोष्ट तुझ्या हातात आयतीच आली आहे. मारेकरी येतो आणि ज्याला मारायचं तो गावासकट ब्लॅकपूलला गेलेला असतो. बापड्याला चहासुद्धा मिळत नाही. तेवढंच कर. बाकी सगळं फेकून दे.

हेस्टर


लंडन, २८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी रागावलो होतो, मग सिनेमा कापत बसलो होतो, मग पुन्हा रागावलो.

लंडनच्या माणसाला धुराड्यातून धूर निघतो की नाही याचं काय पडलंय? त्याच्या लेखी उत्तरेकडचा मुलुख म्हणजे विटा आणि पाऊस. आणि तुझी सूचना विनोदी आहे. मी विनोद करायला निघालो नाही, आत्या. माणूस एकटा असतो, मरण चालत येतं, हे मला सांगायचंय. त्यात चहा नाही. गिरणीत आणि खिडकीत आयुष्य गेलेल्या माणसाला ते कदाचित पोचणार नाही. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं आता.

सिनेमा बासष्ट मिनिटांचा झालाय. दोन वितरकांनी पाहिला. एक जण मध्येच फोन करायला उठून गेला तो आलाच नाही. दुसरा म्हणाला, "आवाज छान भरलाय." तिसरा पार्जिटर म्हणून आहे, जाडजूड, सतत पेपरमिंट चघळणारा. तो म्हणाला, जिथे शूटिंग झालंय तिथेच लोकांना दाखवून बघू, मग ठरवू. तेव्हा सोळा ऑक्टोबरला, सोमवारी, तो तुमच्या टिव्होलीत येतोय. मी येत नाही. छाती होत नाही.

लिनोलियमचे नमुने घरात येऊन पडलेत. म्युरिएलने मुद्दाम आणलेले नाहीत, असं ती म्हणते. काय होईल ते कळव, जसंच्या तसं.

क्लिफर्ड


ब्रॅकनशॉ, १७ ऑक्टोबर

क्लिफर्ड,

गिरणीत आयुष्य गेलेल्या बाईचं पत्र आहे, पोचलं तर वाच.

जसंच्या तसं कळव म्हणालास. घे.

फुकट आहे म्हटल्यावर थिएटर खच्चून भरलं. खिडकी बंद करून मी मागे जाऊन उभी राहिले. तुझा क्रेन स्टेशनातून बाहेर पडला. मागून गंभीर तुतारी वाजली. त्याने धुराड्याकडे पाहिलं. आणि तिसऱ्या रांगेतून म्हातारा आल्बर्ट खड्या आवाजात म्हणाला, "अरे, वेक्स आहे की!"

झालं. पाच मिनिटं सगळे आपसात बोलत होते. "हो गं, दुकानं बंद आहेत." "ती बघ बेकरीवरची चिठ्ठी." "माझी दुधाची बाटली दारात नाही म्हणजे मी ब्लॅकपूललाच." तुझा क्रेन तोवर ह्युइटच्या दारासमोर जाऊन उभा राहिला, डोळे बारीक करून. आणि ग्रिमशॉबाई, आपलंच दार पडद्यावर बघून आधीच फुगलेली, उठून ओरडली, "अहो, वाट कुणाची बघताय? तो ब्लॅकपूलला गेलाय!"

छप्पर उडालं, पोरा. पुढे तो जितका थंडपणे उभा राहील तितके लोक हसत होते. दर वेळी पडद्यावर तो घड्याळात बघायचा आणि सगळे मिळून सांगायचे, "शनिवारी येईल! शनिवारी!" त्या सहा जणांची गिरणी सुटली तेव्हा आल्बर्टला खोकल्याची उबळ आली, बाहेर न्यावा लागला.

आणखी एक. तू ते मुक्याने टिपून नंतर आवाज भरलास ना? अरे, माग चालवून चालवून इथल्या निम्म्या बायका बहिऱ्या झाल्यात. त्या खडखडाटात चाळीस वर्षं आम्ही ओठ वाचूनच गप्पा मारल्या. कुणाशी खेळतोयस? आवाज म्हणतो, 'मरण कुणासाठी थांबत नाही, मित्रा', आणि ॲम्ब्रोजचे ओठ म्हणतात, 'हेस्टरबाईंच्या पायमध्ये कांदा फार, पण सांगवत नाही.' ऐंशी बायकांनी एकदम वाचलं आणि ऐंशी माना माझ्याकडे वळल्या.

शेवटी पायपुसण्याचा प्रसंग आला. त्याने बूट पुसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या, चेष्टेच्या नव्हेत. मग त्याने ह्युइटला मारलं ते कुणालाच आवडलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "शी, इतका चांगल्या वळणाचा माणूस."

तुझा तो पेपरमिंटवाला रुमालाने डोळे पुसत बाहेर आला. मला म्हणाला, "बाई, हे असं कुणी मुद्दाम केलं असतं तर?" मी म्हटलं, ते मी जुलैतच लिहून कळवलंय.

हेस्टर


लंडन, २४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आधी माफी. जे लिहिलं ते गिरणीबद्दल नव्हतं, माझ्या भीतीबद्दल होतं.

पार्जिटर आला होता. सिनेमा घेतो म्हणतो, पण विनोदी करून. आरंभी वेक्सची पाटी टाकायची, एक दिवस आणखी शूटिंग करायचं, खून काढून टाकायचा. शेवटाला शनिवारी सगळं गाव उन्हाने लाल होऊन स्टेशनातून परत येतं आणि त्या गर्दीत क्रेनला त्याचा माणूस सापडतच नाही, असं करायचं. गर्दीची जुनी फिल्म तो कुठूनतरी आणेल. सिनेमाचं नावसुद्धा बदलणार.

मी नाही म्हणालो.

तू हसशील. पण ॲम्ब्रोजचा विचार कर. त्या माणसाला आयुष्यात एकदा मोठं काम मिळालं, त्याने ते जीव ओतून केलं आणि मी त्याचं हसं करू? आरशासमोर उभा राहून तो ते डोळे बारीक करायचा सराव करत होता, मी पाहिलंय. त्याला तोंड कसं दाखवू? लिनोलियम बरं. सासऱ्यांना सांगितलंय, पहिल्या जानेवारीला येतो. त्यांनी माझ्यासाठी दुकानात घालायचा तपकिरी कोट शिवायला टाकला.

म्युरिएल रडली. खरं तर ती सुटकेने रडेल असं वाटलं होतं. तसं नव्हतं ते.

तुझा,
क्लिफ


ब्रॅकनशॉ, २ नोव्हेंबर

क्लिफ,

वा! काय त्याग! वाचताना डोळ्यांत पाणी यायचं ते नाकात गेलं.

ॲम्ब्रोजचं हसं होऊ नये म्हणून तू लिनोलियम विकणार. आणि हे तू ॲम्ब्रोजला विचारलंस? नाही. का विचारशील? तो 'करा' म्हणाला असता तर तुझी सबब गेली असती. हसं तुझं झालंय, बाबा, तुझं. मरणावरच्या तुझ्या वाक्याला लोक हसले ते तुला सोसवत नाही, आणि त्यावर घालायला तू त्या गरिबाचा ओव्हरकोट मागून घेतलास. स्वतःचा अभिमान दुसऱ्याच्या नावाने मिरवायचा, हे आपल्या घरात कधी नव्हतं. लंडनला शिकलास.

आता माझी एक चोरी कबूल करते. त्या सोमवारी, सिनेमा दाखवला तेव्हा, ॲम्ब्रोज टिव्होलीत होता. मीच बोलावला होता, पायचं आमंत्रण देऊन, बिनकांद्याच्या. तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण त्याने शपथ घातली होती. आता त्यानेच सोडवली.

तो माझ्याशेजारी उभा होता. पहिला हशा झाला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक. माझ्या मनात आलं, हेस्टर, तू हे काय करून बसलीस. कांद्याचं आलं तेव्हा तर त्याने टोपीत तोंड लपवलं. मी त्याचा दंड धरून ठेवला, नाहीतर गेलाच असता. मग टाळ्या झाल्या. मग त्याने टोपी काढली. घरी आल्यावर दोन कप चहा घेतला, आणि म्हणाला ते शब्द असे:

"हेस्टरबाई, तीस वर्षांत मी एकेचाळीस वेळा मेलो आणि किती दारं उघडली ते मोजलं नाही. एकदाही कुणी टॉफी चघळायचं थांबलं नाही. आज आठशे माणसांना काळजी लागली होती, की ह्या माणसाला चहा मिळतो की नाही."

आणि पुढे म्हणाला, "क्लिफर्डला सांगू नका. तो मनाने फार गंभीर आहे, त्याला वाईट वाटेल."

बघ. तू त्याला जपतोस, तो तुला जपतो, आणि दोघांच्या जपण्यात सिनेमा मेला. परवा त्याला लिहिलं, आता शपथ सोडा. आज उत्तर आलं: "एका दिवसाचं शूटिंग असेल तर ओव्हरकोट इस्त्री करून ठेवतो."

तपकिरी कोट दुसऱ्या कुणाला होईल.

हेस्टर


लंडन, २७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनात भांडलो, आणि दर वेळी हरलो.

सही केली. शूटिंगही झालं. पार्जिटर म्हणाला, ॲम्ब्रोजला जरा विनोदी चेहरा करायला सांगा. मी म्हटलं, मुळीच नाही. तो खून करायला आलाय आणि गाव सुट्टीवर आहे, त्याने हसायचं काय कारण? ॲम्ब्रोजने माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली. बंद खानावळीच्या काचेला नाक लावून आतली चहाची किटली तो अशा काही नजरेने बघतो की कॅमेरावाल्याचे खांदे हलायला लागले. तो एवढा एकच तुकडा मला पुन्हा घ्यावा लागला.

सासऱ्यांना कळवलं. कोट ते स्वतः वापरणार आहेत.

एकच उरलं. पार्जिटरने विचारलं, दिग्दर्शक म्हणून नाव काय द्यायचं. मी म्हटलं, दुसरं काहीतरी द्या, बनवलेलं. पुढे कधी खरा सिनेमा करीन तेव्हा क्लिफर्ड होरॉक्स हे नाव कोरं हवं. तो म्हणाला, पडद्यावरच्या नावांच्या पाट्या जानेवारीत छापायला जातात, तोवर सांगा.

तुझा,
क्लिफ


ब्रॅकनशॉ, १ डिसेंबर

क्लिफ,

खरा सिनेमा म्हणे! ज्यात कुणी चहा पीत नाही तो?

चुकलेल्या सिनेमावर नाव घालायला निघाला होतास, तेव्हा छाती फुगली होती. आता चांगला झाला तर लाज वाटते? आपल्याकडे मागावर कापड बिघडलं की आपलं म्हणून समोर उभं राहावं लागायचं, मॅनेजर सगळ्यांदेखत ते उलगडून दाखवायचा. चांगलं झालं तर कुणी नाव विचारत नसे. तू उलटंच शिकलास. कर तुला हवं ते. मी आता बोलत नाही.

बोलले तेवढं पुष्कळ झालं.

हेस्टर


लंडन, २२ जानेवारी १९६२

प्रिय आत्या,

घाईत चार ओळी. सिनेमा बारा फेब्रुवारीला तुमच्याकडे लागतोय. मला येता येणार नाही, पार्जिटरने दुसरं काम दिलंय आणि ते त्याच दिवशी सुरू होतंय. ॲम्ब्रोजही त्यात आहे. यावेळी तो कुणाला मारत नाही, त्यामुळे जरा बावरलाय.

पाट्यांचं काय केलं ते सांगत नाही. बघशील तेव्हा कळेल. गुडघा कसा आहे?

तुझा,
क्लिफ


ब्रॅकनशॉ, १३ फेब्रुवारी

क्लिफ पोरा,

गुडघा दुखतो.

सिनेमा चालला. किटलीच्या प्रसंगाला ग्रिमशॉबाईने "अरे, कुणीतरी द्या त्याला!" म्हणून पिशवी आपटली. मोठा सिनेमा सुरू झाल्यावर दोघे-तिघे उठून घरी गेले, हे मी आजवर उलटंच होताना पाहिलं होतं. अजूनही दहा मिनिटं जास्तच आहे. ती खानावळीतली पोरगी वेक्समध्ये बंद गावात काय करते आणि त्याला बघून का भाळते ते अजूनही कळत नाही.

आता नावाचं.

पडद्यावर नावं यायच्या वेळी मी कायम खिडकीत असते. तीस वर्षांत एकाही सिनेमाची सुरुवात मी पाहिलेली नाही. काल खिडकीची फळी पाडली. बाहेर चौदा माणसं रांगेत होती. मॅनेजर ओरडला, "हेस्टरबाई, कुठे निघालात?" म्हटलं, "आत." रांगेतून कुणी म्हणालं, "मेली की काय?" म्हटलं, "परत येते, तोवर तुम्ही मरू नका."

आत उभी राहिले. तेव्हा लोक काय करत होते सांगू? पुढच्या रांगेत दोघी बहिणी एका पुडीतल्या टॉफीवरून भांडत होत्या. एक बाई टोपीची पिन शोधत होती. आल्बर्ट नाक शिंकरत होता. कोट, छत्र्या, पाय, "जरा सरका की." दिग्दर्शकाची पाटी आली आणि गेली, तीन सेकंदांत. ज्या नावापायी तू आम्हा सगळ्यांचा जीव काढलास, ते एकाही माणसाने वाचलं नाही. एकानेही नाही.

मी वाचत होते, पण मी सव्विसाव्या वर्षी सहकारी मंडळाच्या वाचनालयात बसून आपली आपण अक्षरं जुळवत शिकलेली बाई. 'क्लिफर्ड'पाशी पोचेपर्यंत पाटी गेली.

म्हणून दुसऱ्या खेळालाही खिडकी बंद केली. मॅनेजर अजून बोलत नाहीये माझ्याशी. या वेळी शेवटापर्यंत वाचलं.

होरॉक्स. बरोबर लिहिलंय.

हेस्टर आत्या